मातीनें राखलेली साक्ष

गेल्या रविवारीं सकाळीं आमच्या स्वयंपाकघरांत एक अगदीं क्षुल्लक गोष्ट घडली आणि तिजमुळें या महिन्याचा विषय मला अनायासें मिळाला. सूनबाई वाण्याकडून आणलेला रवा डब्यांत भरीत होती. डबा काठोकाठ भरला, तरी पिशवींत वाटीभर रवा उरलाच. तेव्हां तिनें डबा उचलून ओट्यावर दोनचार वेळां आपटला. रवा बोटभर खालीं बसला आणि उरलेला सगळा आंत मावला. शेजारीं बसलेल्या माझ्या धाकट्या नातीनें लगेच विचारलें, "आजोबा, रवा तर तेवढाच आहे, मग तो कमी कसा झाला?"

मी म्हटलें, "रवा कमी झाला नाहीं, बाळ, कणांमधली रिकामी जागा कमी झाली. तुझ्या आईनें डब्यांत एक लहानसा भूकंप केला!"

मुलीचें समाधान होईना. म्हणून मीं एका काचेच्या बरणींत बारीक वाळू सैल भरली, ती भिजेल इतकेंच पाणी घातलें आणि वर लोखंडी वजन ठेवलें. वजन खुशाल उभें राहिलें. मग बरणीला बाहेरून बुक्कीनें हलके हलके ठोके दिले. वाळूवर पाणी तरारून आलें, ती क्षणभर खिरीसारखी पातळ झाली आणि वजन कलंडून आंत रुतलें. ठोके थांबतांच वाळू पुन्हां घट्ट! समुद्रकांठीं ओल्या वाळूवर पाय आपटणाऱ्या प्रत्येक मुलानें हें पाहिलेलें असतें. कारण उघड आहे. कोरड्या रव्यांतून वारा निघून जातो. परंतु भिजलेल्या वाळूच्या फटींतील पाण्याला एकाएकीं वाट सांपडत नाहीं. कण जवळ येऊं पाहतात, मधलें पाणी दाबलें जातें, आणि तें कणांना एकमेकांवर टेकूं देत नाहीं. टेकण गेलें कीं वाळूची वाळूपणा जाऊन ती द्रवासारखी वाहते. शास्त्रज्ञ यास द्रवीभवन म्हणतात. आजचा सगळा विषय या एका शब्दावर उभा आहे.

भूकंपाविषयीं आमच्या पूर्वजांनीं विचार केला नव्हता असें नाहीं. इसवी सनाच्या सहाव्या शतकांत वराहमिहिरानें रचिलेल्या बृहत्संहितेंत भूकंपाच्या लक्षणांस एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. ग्रंथकार आरंभीं निरनिराळीं मतें मांडतो. कोणी म्हणत, जळांत राहणाऱ्या प्रचंड प्राण्याच्या हालचालीनें पृथ्वी कांपते. कोणी म्हणत, भूभारानें थकलेले दिग्गज विसावा घेतात तेव्हां ती हालते. कोणी म्हणत, वायूवर वायु आदळून सशब्द भूमीवर कोसळतो, त्याचा हा परिणाम. आणि कोणी अदृष्टाकडे बोट दाखवीत. पुढें वायु, अग्नि, इंद्र व वरुण अशीं चार मंडलें पाडून फळें सांगितलीं आहेत. आज यांतील कारणें कोणी ग्राह्य धरणार नाहीं. तथापि विरुद्ध मतें शेजारीं शेजारीं मांडण्याची ती रीत मला फार आवडते. उणीव एवढीच, कीं त्या आचार्यांनीं आकाशाकडे पाहिलें, नक्षत्रांकडे पाहिलें. पायाखालची माती उकरून पाहिली नाहीं. आणि साक्ष तर तेथेंच होती.

ती साक्ष कशी उमटते तें पाहूं. नदीच्या पुरानें, सरोवरांतील गाळानें वा समुद्राच्या तळाशीं सांठणाऱ्या मातीनें थरांवर थर चढतात. पोथीच्या पानांवर पानें ठेवावीं तसे. पुढें हेच थर दाबाखालीं दगड होतात. त्यांना स्तरित खडक म्हणतात. हे थर अद्यापि ओले व मऊ असतां मोठा भूकंप झाला, तर वरचीं तीं कोवळीं पानें विसकटतात. खालची पातळ झालेली वाळू वरच्या चिकणमातीला फोडून वर घुसते, आणि मातींत वाळूची उभी भिंत दिसते. कोठें ती पृष्ठभागापर्यंत येऊन कारंजासारखी उडते व सभोंवार वाळूचा बुटका शंकु रचिते. कोठें वरचा जड थर तुटून त्याचे उशीसारखे गोळे खालच्या मऊ थरांत बुडतात, तर खालचा गाळ त्या गोळ्यांमधून दिव्याच्या ज्योतींप्रमाणें वर निमुळता होत जातो. मग धक्का थांबतो, पाणी निवळतें, आणि या विसकटलेल्या थरावर पूर्वींच्याच शांतपणानें नवे सपाट थर बसूं लागतात. दोन सरळ ओळींच्या मध्यें एकच ओळ हात थरथरून लिहिलेली असावी, तसें तें चित्र दिसतें.

वाळूचीं कारंजीं ही कल्पना नव्हे. १६ जून १८१९ रोजीं कच्छांत मोठा भूकंप झाला, तेव्हां रणांत भूमीचा एक लांबच लांब बांध उचलला गेला. लोक त्यास 'अल्लाबंद' म्हणूं लागले. त्याच्या दक्षिणेची सिंद्रीची गढी मात्र पाण्याखालीं गेली. १८९७ सालीं आसामांत व १९३४ सालीं बिहारांत शेतेंच्या शेतें भूगर्भांतून आलेल्या वाळूनें झांकलीं गेलीं. आणि २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपांत कोरड्या रणांतून पाणी व वाळू उसळलेली अनेकांनीं पाहिली.

परंतु ज्या भूकंपाचा कोणी साक्षी नाहीं, त्याची ओळख केवळ विसकटलेल्या थरावरून पटवावी कशी? येथें प्रयोगाचें साहाय्य झालें. फिलिप क्यूनेन या डच भूवैज्ञानिकानें १९५८ सालीं प्रयोगशाळेंत गाळाचे थर रचून ते हालविले. खडकांत सांपडतात तसलेच गोळे त्याला तयार झालेले दिसले. १९६९ सालीं आडोल्फ झाइलाखर या जर्मन पंडितानें कॅलिफोर्नियांतील स्तरित खडकांचें विवेचन करतांना अशा थरांना एक स्वतंत्र नांव दिलें. आपण त्यांस 'भूकंपस्तर' म्हणूं. आणि ९ फेब्रुवारी १९७१ रोजीं त्याच प्रांतांत सान फर्नांडो येथें भूकंप झाल्यावर जॉन सिम्स यानें तेथील एका जलाशयाचा उघडा पडलेला तळ तपासला. त्या गाळांत विसकटलेले तीन पट्टे मिळाले. त्यांची सांगड १९३०, १९५२ व १९७१ च्या ज्ञात भूकंपांशीं बसली. मनुष्याच्या वहींतील नोंद आणि मातीच्या वहींतील नोंद अशी एकमेकींस पडताळून पाहतां आली.

तरी सावधगिरी हवीच. न्यायशास्त्र शिकतांना गुरुजी प्रथम धूर व अग्नि यांचें उदाहरण देत. धूर दिसला कीं अग्नि आहे असें अनुमान करावें. परंतु ज्यास आपण धूर समजतों तें धुकें नाहीं ना, हें आधीं पाहावें. विसकटलेल्या थराची स्थिति नेमकी अशीच आहे. वादळी लाटांचा मार, महापुरानें एकाएकीं येऊन पडलेला गाळ, उतारावरून घसरलेला चिखल, हिमनदीचें ओझें यांनींहि थर मोडतात. म्हणजे हेतु सव्यभिचार ठरण्याचें भय आहे. म्हणून शास्त्रज्ञ कांहीं कसोट्या लावतात. विसकटलेला थर वर व खालीं शांत थरांमध्यें नेमका बंदिस्त असावा; तो एका खड्ड्यापुरता नसून दूरवर आढळावा; तेथें तळ सपाट असावा, म्हणजे घसरणीची शंका राहत नाहीं; जवळपास भूमीची भेग असावी; आणि इतर प्रत्येक कारण तपासून बाजूस सारलेलें असावें. शिवाय हेंहि ध्यानीं धरावें, कीं साधारणतः ५ प्रतीहून लहान धक्क्यानें वाळू सहसा द्रवत नाहीं. लहान भूकंप या वहींत लिहिलेच जात नाहींत.

या कसोट्यांना उत्तम उतरलेलें स्थळ म्हणजे मृत समुद्राचा कांठ. हें खारें सरोवर समुद्रसपाटीहून चारशें मीटरांहून अधिक खालीं आहे. अरबस्तानाचा भूखंड शेजारच्या भूखंडास घासून वर्षास सुमारें ५ मिलिमीटर या गतीनें उत्तरेकडे सरकतो. त्या भेगेंतच हें खोरें पडलें आहे. सुमारें ७०,००० ते १५,००० वर्षांपूर्वीं येथें आजच्याहून कितीतरी मोठें सरोवर होतें. त्यास लिसान असें नांव दिलेलें आहे. हिवाळ्यांत पुराबरोबर काळसर गाळ येई आणि उन्हाळ्यांत पाणी आटतांना चुन्याचा पांढराशुभ्र थर बसे. एक काळी रेघ व एक पांढरी रेघ मिळून एक वर्ष. आणि त्या जोडीची जाडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर! सरोवर आटल्यावर ओढ्यांनीं त्या गाळांत खोल घळी कोरल्या. मसादाच्या पायथ्याशीं त्या घळींतून उभें राहिलें, कीं हजारों वर्षांचें पंचांग भिंतीवर टांगल्यासारखें डोळ्यांसमोर येतें.

या सरळ रेघांच्या मधून मधून अंगुळभरापासून हातभरापर्यंत जाडीचे असे थर आहेत, कीं त्यांत रेघा राहिलेल्याच नाहींत. काळें-पांढरें एकत्र कालवलेलें आहे. कांहीं ठिकाणीं तर वाऱ्यानें पाण्यावर लाटा उठाव्या, तशा लाटा गाळांत गोठलेल्या आहेत. श्मूएल मार्को व अमोत्झ अग्नोन या संशोधकांनीं १९९५ सालीं यासंबंधीं एक निर्णायक गोष्ट दाखविली. हे कालवलेले थर लहान लहान भेगांपाशीं येऊन भिडतात. भेगेच्या एका बाजूची जमीन जेव्हां खचली, त्याच वेळीं तळावरचा गाळ ढवळला जाऊन पुन्हां निवळला, असें तेथें स्पष्ट दिसतें. धूर आणि अग्नि दोन्ही एकाच ठिकाणीं सांपडले म्हणावयाचे! पुढच्या वर्षीं त्यांनीं सहकाऱ्यांसह सुमारें ५०,००० वर्षांची नोंद वाचून दाखविली. तींत आढळलें, कीं भूकंप ठराविक अंतरानें येत नाहींत. ते हजारों वर्षें घोळक्यानें येतात, आणि मग हजारों वर्षें सामसूम असते.

इतिहासाशीं पडताळाहि झाला. एन् गेदी येथें सरोवरकांठीं नळी घालून काढलेल्या गाळांतील विसकटलेल्या थरांची वर्षें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मोजलीं गेलीं. इसवी सनापूर्वीं ३१ या वर्षाचा, ज्यू इतिहासकार जोसेफस यानें लिहून ठेवलेला भूकंप तेथें आहे. इसवी सन ३६३, ७४९, १०३३ हे आहेत. आणि ११ जुलै १९२७ चा, म्हणजे आपल्या आजोबांच्या हयातींतला, तोहि आहे. त्यानंतर सरोवराच्या मध्यभागीं खोल विवर घेऊन काढलेल्या गाळांतून २,२०,००० वर्षांची नोंद २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तिजवरून असें निघालें, कीं ७ वा त्याहून मोठ्या प्रतीचे भूकंप तेथें सरासरीनें चौदाशें वर्षांच्या आंत एकदां होत आले आहेत. मनुष्याच्या आठवणीला चौदाशें वर्षें म्हणजे अनंतकाळ. मातीला तीं कांहींच नव्हेत.

वाचक म्हणतील, मास्तर, हें सगळें परमुलखांतलें झालें; आपल्या सह्याद्रीच्या कातळांत काय आहे? कातळांत फारसें कांहीं नाहीं. तो अग्निजन्य पाषाण. त्याला अशीं पानेंच नाहींत. विंध्याच्या खडकांची गोष्ट वेगळी. तेथील शंभर कोटी वर्षांहून जुन्या स्तरित खडकांत भूकंपस्तर मिळाल्याचें भारतीय भूवैज्ञानिकांनीं नोंदविलें आहे. आपल्या दख्खनेंत मात्र ही वही उघडावयाची, तर नद्यांच्या कांठचा गाळ पाहावा लागतो. आणि येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां मी लहान होतों. फळीवरचीं भांडीं खणखणत खालीं आलीं आणि आजीनें आम्हां मुलांना ओढून अंगणांत नेलें, एवढें पक्कें आठवतें. पुढें मी शिक्षक झालों. भूगोलाच्या तासाला दख्खनचें पठार आलें, कीं मी मोठ्या आत्मविश्वासानें सांगे, "हा भाग अतिप्राचीन, कठीण व अचल आहे. भूकंप व्हावयाचे ते हिमालयाकडे." कोयनेचें काय, असें कोणी विचारलेंच, तर धरणाच्या पाण्याचा भार पडून तो झाला, एवढें सांगून मी पुढच्या धड्याकडे वळें. कोयनेपुरतें तें कारण शास्त्रज्ञांस मान्य आहे. पण मी तें प्रश्न मिटविण्यासाठीं वापरीत असें.

३० सप्टेंबर १९९३. अनंतचतुर्दशीची रात्र, गणपति बोळवून लोक नुकतेच निजलेले. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली. भूकंप ६.२ प्रतीचा, म्हणजे जगाच्या मानानें मध्यम. पण सुमारें दहा हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर हात-दोन हात मातीचें माळवद. तेंच निजलेल्या माणसांवर आलें. शाळा पुन्हां भरली, तेव्हां माझ्या वर्गांतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या मामाचें गांव त्याच भागांत होतें. त्यानें रागानें नव्हे, अगदीं साधेपणानें विचारलें, "गुरुजी, आपल्याकडे भूकंप होत नाहीं, असें तुम्हीं सांगितलें होतें ना?"

मीं म्हटलें, "उद्यां सांगतों." तो उद्यां पुढें आलाच नाहीं. मुलगा शाळा सोडून गेला, आणि उत्तर माझ्याजवळच राहिलें.

तें उत्तर तेरणेच्या कांठीं होतें. किल्लारीच्याच मुलखांतून वाहणाऱ्या या नदीवर धाराशिव जिल्ह्यांत तेर हें गांव आहे. प्राचीन तगर तें हेंच. गोरोबाकाकांचें तेर म्हणून तें महाराष्ट्राला ठाऊक आहे. किल्लारीनंतर भूवैज्ञानिक सी. पी. राजेंद्रन यांनीं तेरच्या नदीकांठच्या दरडी तपासल्या. तेथील गाळाच्या थरांत त्यांना मोडतोड आढळली. आणि सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं या भागास मोठा भूकंप लागला असावा, असा निष्कर्ष त्यांनीं १९९७ सालीं मांडला. वर सांगितलेल्या सर्व कसोट्या अशा वाचनासहि लावावयाच्याच असतात आणि एका दरडीवरून अखेरचा निकाल देतां येत नाहीं, हें खरें. परंतु ज्या भूमीला मी अचल म्हणत होतों, तिच्या वहींत तसें लिहिलेलें नव्हतें. ज्या गांवीं गोरोबांनीं पायांनीं माती तुडविली, त्याच गांवची माती त्यांच्याहि आधीं कित्येक शतकें पृथ्वीनें तुडवून ठेवली असावी. आणि आम्ही मास्तर लोक ती उघडून न पाहतां मुलांना अभय देत होतों!

आज तो मुलगा माझ्यासमोर आला, तर मी त्यास सांगेन: "बाळ, होत नाहीं असें म्हणणें माझें चूक होतें. आपल्याला आठवत नाहीं, एवढेंच म्हणावयास हवें होतें." भरतखंड अद्यापि हिमालयास रेटीत आहे. त्या रेट्याचा ताण दूरवर आपल्या पायांखालच्या पाषाणांतहि सांठतो आणि जुनी, दुबळी भेग क्वचित्, फार फार काळानें, मोडते. माणसाच्या घरांत आठवण तीन पिढ्या टिकते; पणजोबांच्या वडिलांचें नांवहि आपल्याला सांगतां येत नाहीं. मग दीड हजार वर्षांपूर्वींचा हादरा कोणी सांगावा? तो सांगण्याचें काम माती करते. ती पुढचा दिवस व घटका मात्र सांगत नाहीं. अमुक तारखेला भूकंप होणार, असें कोणी छातीठोकपणें म्हणाला, तर वाचकांनीं तें मनावर घेऊं नये. परंतु येथें कधींच होणार नाहीं असें म्हणणाऱ्यावर तर मुळींच विसंबूं नये.

या ज्ञानाचा उपयोग घर बांधतांना आहे. किल्लारी पूर्वीं देशाच्या भूकंपनकाशावर सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागांत दाखविलेली होती. २००२ सालीं तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा भाग वरच्या विभागांत गेला. नकाशा सुधारला, आपलीं घरें सुधारलीं काय, हें ज्यानें त्यानें पाहावयाचें. वडिलोपार्जित वाड्यांत राहणाऱ्या एकत्र कुटुंबांनीं तर अवश्य पाहावें. भिंतींना चहूंकडून एकत्र बांधणारा पट्टा आहे कीं नाहीं, माळवदावर दरवर्षीं मातीचा भार वाढत तर गेला नाहीं ना, उशाशीं जड कपाट वा फळी तर नाहीं ना, एवढें एका रविवारीं घरांतील कर्त्या मंडळींनीं फिरून पाहावें. जेथें शंका वाटेल तेथें जाणत्या स्थापत्यकारास विचारावें. दहा हजार माणसें भूकंपानें मेलीं असें आपण म्हणतों. खरें पाहतां बहुतेक घराखालीं मेलीं.

बरणींतील वाळू अजून माझ्या मेजावर आहे. नातीनें वजन काढून घेतलें. त्याच्या रुतल्याची खूण वाळूंत तशीच राहिली आहे. ती मोडूं नये अशी मीं तिला ताकीद दिली आहे, आणि सूनबाईलाहि सांगितलें आहे, कीं मेज पुसतांना बरणी हालवूं नको.